पदर तोंडात धरून ऐकलेलं गाणं

श्रूजबरीहून निघताना मृणालने, म्हणजे माझ्या सुनेने, मला दोनदा बजावलं आणि गाडी हायवेला लागल्यावर तिसऱ्यांदा. "आई, प्लीज हं. रेकॉर्डिंग चालू असताना तिथे अजिबात बोलायचं नाही."

आता मला सांगा, हे कोणाला सांगावं? मी नागपूरला रेडिओवर तीस वर्षं ध्वनिमुद्रणाचं काम केलं. लाल दिवा लागला की खोकणारे, बांगड्या वाजवणारे, पानाची डबी उघडणारे, सगळ्यांना काचेपलीकडून नुसत्या डोळ्यांनी गप्प करायची मी. एका नामवंत गवयाच्या मनगटावरचं घड्याळ टिकटिकतं म्हणून ते काढून माझ्या टेबलावर ठेवायला लावलं होतं. आणि ही कालची पोर मला गप्प बसायला शिकवते! पण ती गाडी चालवत होती, आणि अमेरिकेत चालवणाऱ्याशी वाद घालायचा नसतो हे मला पंधरा दिवसांत कळलं होतं. "बरं बाई," म्हटलं.

दोन हजार चारचा मार्च होता. मुलगा निखिल आणि मृणाल दोघंही सॉफ्टवेअरमधली, मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत राहणारी. मी तीन महिन्यांसाठी आले होते आणि पहिल्या पंधरा दिवसांतच चार मराठी घरांतली चार हळदीकुंकवं आणि एक सत्यनारायण उरकून कंटाळले होते. सगळीकडे तीच बटाट्याची भाजी आणि तोच प्रश्न, "मग काकू, कशी वाटली अमेरिका?" अमेरिका मला अजून दिसलीच नव्हती. दिसलं होतं ते नागपूर-पुणंच, फक्त हीटर लावलेलं.

तेवढ्यात इलियाना आली. मृणाल लहानपणी व्हायोलिन शिकायची, मग नोकरीत सुटलं. आता तिने ते पुन्हा हातात घेतलं होतं आणि दर शनिवारी वूस्टरच्या एका बल्गेरियन बाईकडे शिकायला जात होती. तीच इलियाना. पन्नाशीची, उंच, बोटांना गजावर चोळायच्या राळेचा वास येणारी. एका शनिवारी मीही सोबत गेले, आणि मी रेडिओतली आहे म्हटल्यावर तिने मला शिकवणीच्या खोलीतच बसवून घेतलं आणि एकामागून एक सीडी लावल्या. या सगळ्या तिच्या आणि तिच्या दोस्तांच्या नव्याकोऱ्या. कोणी शिकागोत ट्रक चालवतो आणि कावाल (लांब लाकडी बासरी) वाजवतो, कोणी बोस्टनच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये आहे आणि पियानो वाजवते. सुट्टी मिळाली की एकत्र जमायचं, कुठलंतरी चर्च मिळवायचं आणि रेकॉर्ड करायचं. एका सीडीत अर्धं शास्त्रीय, अर्धं गावाकडचं. आपल्याकडे एवढं एका ताटात वाढलं असतं तर दोन्हीकडच्या लोकांनी नाकं मुरडली असती.

नव्या सीडीचं तिने सांगितलं ते ऐकून मात्र मी सरळ होऊन बसले. तिची आई, दोन्काबाई, बल्गेरियाच्या रोदोपी डोंगरातली. गावात गाणारी. इलियानाने आईच्या एका गाण्यावरून व्हायोलिन आणि पियानोसाठी मोठी रचना केली होती, ती रेकॉर्ड झालीही होती. आता त्याच सीडीत मूळ गाणं आईच्या आवाजात हवं होतं. आई त्यासाठीच आली होती, आणि पुढच्या आठवड्यानंतरच्या सोमवारी तिचं परतीचं विमान होतं. गळ्यात गाठ होती. तिकडे गेल्यावर ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले होते, जीवाला धोका नाही, पण आवाजाचं सांगता येत नाही. त्याआधी व्हरमाँटच्या एका खेड्यातलं चर्च मिळालं होतं, तीनच दिवस. शुक्रवार, शनिवार, रविवार.

"तुम्ही याल?" इलियानाने विचारलं. मी मृणालकडे बघितलं. मृणालने गुरुवार-शुक्रवारची सुट्टी टाकली.

व्हरमाँटला निघालो ते गुरुवारी दुपारी. डब्यात दशम्या, लसणाची चटणी आणि सांबारवडी होती (तिकडे पुण्याला कोथिंबीर म्हणतात, आमच्याकडे सांबार, उगाच सांबारात बुडवलेली वडी डोळ्यांसमोर आणू नका). गाडीत मृणालने कावालवाल्याची सीडी लावली. मी सवयीने मांडीवर ताल धरायला गेले आणि तोंडघशी पडले. सात मात्रा तर होत्या, पण आपल्या रूपकासारख्या तीन-दोन-दोन नाहीत. दोन-दोन-तीन. शेवटचं पाऊल लांब टाकायचं. ते जमलं, तर पुढच्या गाण्यात मात्राच संपेनात.

"अकरा," मृणाल म्हणाली.

"नऊ."

"नाही आई, मधलं एक तीनाचं आहे. मोजा. दोन, दोन, तीन, दोन, दोन."

दोघी मोजत बसलो आणि एक्झिट मागे गेला. मग दहा मैल पुढे जाऊन, वळून, परत आलो. अकराच होत्या, हे मात्र मान्य करायला हवं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उघडी झाडं आणि त्यांचा गोड रस गोळा करायला बुंध्याला टांगलेल्या बादल्या होत्या. कडेला मळकं बर्फ. हायवे सोडला आणि डांबर संपलं, आणि मला आपल्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीचीच आठवण झाली. वर पाणी, खाली पाणी आणि मधे लोण्यासारखा चिखल. त्याला तिकडे 'मड सीझन' असं ऋतूचं नावच आहे. चर्चचा पांढरा मनोरा समोर दिसायला लागला आणि आमची गाडी रुतली. मृणालने ॲक्सिलरेटर दाबला तशी चाकं आणखी आत गेली.

"अगं थांब, थांब! दाबू नको. चाकाखाली काहीतरी टाक," मी म्हटलं. बैलगाडी काढलेली आहे मी चिखलातून, मला कोण शिकवणार? पण टाकायला काही नव्हतं. तेवढ्यात शेताकडून एक म्हातारे गृहस्थ ट्रॅक्टर घेऊन आले. काही न विचारता साखळी लावली, गाडी ओढून काढली. मी नऊवार नव्हे पण पाचवारी साडी, त्यावर निखिलचं जाकीट आणि पायात मृणालचे बूट अशी उभी होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"म्युझिकवाल्या?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग उद्या सकाळी मी ट्रॅक्टर काढत नाही. दहानंतर काढीन. त्या दाढीवाल्याने सांगितलंय."

दाढीवाला म्हणजे वॉल्टर, ध्वनिमुद्रक. पुढे तीन दिवस या वॉल्टरशी माझी गाठ होती. शांत, हडकुळा, सतत कान देऊन उभा असल्यासारखा. चर्चमध्ये त्याने मधोमध दोन माइक उभे केले होते, बाकी सगळं सामान बाजूच्या लहान खोलीत होतं. लाकडी चर्च, लाकडी बाकं, लाकडी छत. मी एक टाळी वाजवली आणि आवाज कसा फिरून येतो ते ऐकलं. वॉल्टरने मान वळवून माझ्याकडे बघितलं. धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसाला ओळखतो.

अडचण एकच होती. दिवसा ऊन पडलं की छपरावरचं बर्फ वितळून टपटप गळायचं, आणि ती टपटप माइकमध्ये यायची. म्हणून काम पहाटे सहाला सुरू करायचं. तेव्हा सगळं गोठलेलं असतं. नऊ-साडेनऊला थेंब सुरू झाले की काम बंद. हीटरही खडखडतो म्हणून तोही बंद. म्हणजे रोज तीन तास, कुडकुडत. टपटप मोजून काम करणारा हा पहिलाच ध्वनिमुद्रक मी पाहिला.

चर्चशेजारी पाद्र्यांचं रिकामं घर होतं, तिथे आमचा मुक्काम. स्वयंपाकघरात दोन्काबाई पीठ लाटत होत्या. सत्तरीच्या, बुटक्या, डोक्याला रुमाल, गळ्याशी लोकरीचा स्कार्फ घट्ट. इलियाना त्यांना 'बाबा' म्हणत होती. (त्यांच्याकडे बाबा म्हणजे आजी. इलियानाची मुलं म्हणतात म्हणून तीही म्हणते, जसं आपल्याकडे नातवंडं झाली की अख्खं घर आईला आजी म्हणायला लागतं.) त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि मला बल्गेरियन. त्यांनी माझे थंडगार हात पिठाच्या हातांत धरले आणि चोळले. बस, ओळख झाली.

जेवायला बानित्सा (चीज घालून भाजलेली पापुद्र्यांची गुंडाळी) होती, आणि दही. काय दही होतं! सुरीने कापावं असं. दोन्काबाईंनी पावाचा तुकडा एका लालसर पुडीत बुडवून माझ्यापुढे धरला. शारेना सोल (रंगीत मीठ), असं इलियाना म्हणाली. मी तोंडात टाकला आणि थांबले. मेथी! मेथीची ती ओळखीची कडवट चव, थेट मेतकुटाची. "मृणाल, अगं हे मेतकूट आहे यांचं," मी ओरडलेच. मग डबा उघडून सांबारवडी दिली. दोन्काबाईंनी खाल्ली, ठसका लागला, पाणी प्यायल्या आणि दुसरी उचलली.

शुक्रवारी पहाटे काम सुरू झालं. मी आणि मृणाल मागच्या बाकावर, कोट-टोपीत. वॉल्टर बाजूच्या खोलीत, दार अर्धं उघडं, कानाला हेडफोन. इलियाना व्हायोलिनवर एकच सूर लांब धरून उभी राहिली, अगदी तंबोऱ्यासारखा, आणि दोन्काबाई माइकसमोर उभ्या राहून गायल्या. गाण्यातली बाई पहाटे झऱ्यावर जाते आणि झऱ्याला विचारते, माझा भाऊ या वाटेने गेला का? बस, एवढंच गाणं.

सूर चोख होते. एकही पाय घसरला नाही. पण गाणं कुठे होतं? माइकसमोर हात बांधून उभी असलेली एक भली बाई कोणीतरी सांगितलेलं काम नीट करत होती. असं मी रेडिओत शेकडो वेळा बघितलं आहे. गावात शेताच्या बांधावर गाणारी बाई स्टुडिओत आणली, दार बंद झालं, लाल दिवा लागला की तिच्यातली गाणारी कुठे जाते कोण जाणे. पाठ केल्यासारखं गाते आणि "झालं का जी?" विचारते.

"परफेक्ट," वॉल्टर आतून म्हणाला.

इलियानाने व्हायोलिन खाली घेतलं. "परफेक्ट आहे," ती म्हणाली, "पण ही माझी आई नाही."

चार वेळा घेतलं. चारही वेळा तसंच. मग छपरावरून पहिला थेंब पडला. इलियाना एकटीच बाहेर जाऊन उभी राहिली. माझ्या जिभेच्या टोकावर होतं काहीतरी, पण मृणालने माझ्याकडे असं बघितलं की मी ओठ मिटून घेतले.

आता शनिवारचं सांगते, आणि लाज वाटत असली तरी सरळ सांगते.

पहिल्या दोन खेपा कालच्यासारख्याच गेल्या. तिसरीला काय झालं माहीत नाही. गाण्यात शेवटी झरा उत्तर देत नाही, तिथे बाई पुन्हा विचारते. कालपासून दोन्काबाई तिथे तोच सूर परत घेत होत्या. या वेळी आवाज वर चढला, मधेच किंचित फाटला, आणि त्या फाटलेल्या जागेतून एक बारीकशी मुरकी निघून खाली आली. अंगावर काटा आला माझ्या.

"वाऽऽ! क्या बात है!"

माझाच आवाज. त्या लाकडी चर्चमध्ये तो चारी भिंतींना जाऊन परत आला. व्हायोलिन थांबलं. दोन्काबाई थांबल्या. मृणालने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "आई! तुम्ही? तुम्ही सुद्धा?"

वॉल्टर दारात आला. रागावला नाही तो, रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने परत वाजवून बघितलं. माझा 'वा' बरोब्बर त्या मुरकीच्या डोक्यावर बसला होता. तो काढायचा तर मुरकीही जाणार. आमचं टेप कापायचं ब्लेड फिरवायला केसाइतकी जागा नव्हती, हे मला त्याच्या आधी कळलं. सगळी उमर तेच केलं ना मी.

पुन्हा घेतलं, पण आता दोन्काबाई खोकत होत्या. गळा दुखत होता. त्यानंतरच्या दोन्ही खेपांना परत तेच पाठ केलेलं गाणं. साडेनऊला टपटप सुरू झाली.

"एकदाच आली होती माझी आई," इलियाना मला म्हणाली, "एकदाच." आणि वळून गेली. तिचं काय चुकलं? माझ्या आईचं गाणं असं कोणी बुडवलं असतं तर मी त्याला उभा चिरला असता.

मी बाहेर पडले. चिखलातून चालत ट्रॅक्टरवाल्या आजोबांच्या शेडपाशी आले. आत मोठ्या पत्र्याच्या कढईत झाडांचं पाणी उकळत होतं, छतातून वाफेचे लोट बाहेर. त्यांनी काही न विचारता एक कप हातात दिला. गरम, गोड, पातळ काकवी. मी ती पीत बसले आणि मला भंडाऱ्याकडची म्हातारी आठवली.

रोवणीची (भात लावण्याची) गाणी मुद्रित करायला आम्ही तिच्या गावात गेलो होतो. ती गात होती आणि चिखलात उभ्या बाया प्रत्येक ओळीला "हो माय!" म्हणून साद देत होत्या. स्टेशनवर आल्यावर मी ते सगळे "हो माय" कापून काढले. एकेक. अडथळा म्हणून. फार स्वच्छ काम झालं असं माझं मलाच वाटलं. पुढे म्हातारी स्टेशनवर आली, मी तिला कौतुकाने ऐकवलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि म्हणाली, "गाणं माहंच हाय बाई. पण माह्या बाया कुठं गेल्या?" मी हसून वेळ मारून नेली. त्या बाया माझ्या टेबलाखालच्या टोपलीत होत्या, टेपच्या बोटभर तुकड्यांत. आणि आज मीच त्या बायांसारखी मधे ओरडले होते. हे मला तेव्हा, काकवीचा कप हातात धरून, पहिल्यांदा कळलं, आणि फार वाईट वाटलं.

मी ठरवलं, उद्या चर्चमध्ये पाऊल ठेवायचं नाही. घरी बसून दशम्या गरम करायच्या.

एवढ्यात शेडच्या दारात दोन्काबाई. रबरी बूट गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेले, मागे धापा टाकत इलियाना. म्हातारीने माझं मनगट धरलं आणि इलियानाकडे बघून भडाभडा बोलायला सुरुवात केली.

"ती म्हणते," इलियाना सांगायला लागली, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला, "दोन दिवस मला तुम्ही एका काठीसमोर उभं केलंय. काठीला लोखंडाचं डोकं आहे, पण कान नाहीत. गावात आम्ही एकमेकींना गाऊन दाखवतो. एक गाते, दुसरी ऐकते आणि ऐकलं असं सांगते. सांगितल्याशिवाय गाणारीला कसं कळणार, पोचलं की नाही?" इलियानाने माझ्याकडे बघितलं. "म्हणते, या बाईने ऐकलं. उद्या हिला माझ्यासमोर बसवा. नाहीतर मी गात नाही."

"बाप्पा!" माझ्या तोंडून निघालं.

वॉल्टरला हे पटवणं सोपं नव्हतं. "समोर बसा," तो म्हणाला, "पण माइक तुमच्याही तोंडासमोर येणार. श्वाससुद्धा जपून. आणि शेवटचा सूर संपल्यावर मी हात खाली करेपर्यंत कोणी हलायचं नाही. खोलीतली शांतता मला हवी असते." हे वाक्य मी स्वतः हजार वेळा बोलले आहे. मी शब्द दिला. पण माझ्या शब्दावर माझाच विश्वास नव्हता, तर त्याचा कसा असणार?

रात्री जेवताना दोन्काबाईंनी सांबारवडीचा तुकडा मोडला, माझ्याकडे बघितलं आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या, "वा!" सगळे हसले. इलियानाही हसली, जरा उशिराने. मग म्हातारीला तो शब्दच आवडला. दह्याला वा, काकवीला वा, मृणालने भांडी घासली त्यालाही वा.

रविवारी पहाटे बाहेर सगळं कडक गोठलेलं होतं. पायाखाली चिखलसुद्धा वाजत होता. वॉल्टरने दोन्काबाईंना उभं केलंच नाही, खुर्ची दिली. त्यांच्यासमोर तीन हातांवर माझी खुर्ची. इलियाना एका बाजूला. श्वासाची वाफ दिसत होती. मी पदर चांगला चार पदरी केला आणि तोंडात कोंबला. मागे मृणाल हसू दाबत होती ते मला न बघताही कळलं.

इलियानाने सूर धरला. दोन्काबाई माइककडे बघतच नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. आणि गायला लागल्या.

काय सांगू? तीच गाणारी आणि तेच शब्द. पण आता ती झऱ्याला विचारत नव्हती, मला विचारत होती. माझा भाऊ गेला का या वाटेने? पहिल्या ओळीला माझी मान डोलायला लागली ती थांबेना. आपल्याला दाद देताना मान अशी आडवी डोलवायची सवयच असते. दोन ओळी झाल्या आणि वॉल्टरने दारातून घाबरून इलियानाला खूण केली, ही बाई नाही नाही का म्हणतेय? इलियानाने सूर न सोडता डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. (नंतर तिने सांगितलं, बल्गेरियात मान अशी आडवी हलवली की त्याचा अर्थ 'हो'. म्हणजे म्हातारीला मी ओळीओळीला हो, हो, हो म्हणत होते.)

मग ती जागा आली. झरा उत्तर देत नाही, बाई पुन्हा विचारते. आवाज वर गेला, फाटला, आणि या वेळी एक नाही, तीन मुरक्या एकीतून एक निघत खाली आल्या. माझ्या तोंडात पदर, डोळ्यांतून पाणी, आणि छातीत तो 'वा' असा अडकला की मला वाटलं आता गुदमरते. मी दातांनी पदर चावला. नंतर बघितलं तर इरकलीच्या काठाला भोक पडलं होतं.

गाणं संपलं. व्हायोलिनचा सूर विरत गेला. वॉल्टर दारात हात वर करून उभा. कोणी हलत नव्हतं. छत, बाकं, बाहेरचं गोठलेलं रान, सगळं शांत. मी आयुष्यभर असली शांतता टेपवर पकडायला धडपडले, पण इतकी चांगली मला एकदाही मिळाली नव्हती.

त्या शांततेत दोन्काबाई माझ्याकडे जरा वाकल्या. काळजीने, खरोखर काळजीने, हळूच विचारलं, "वा?"

वॉल्टरचा हात वरच होता. मी शब्द दिला होता. मी जोरजोरात मान डोलावली, डोळे पुसले, परत डोलावली. म्हातारी हसली. मग कुठे वॉल्टरचा हात खाली आला.

मी पदर काढून एका दमात आठ-दहा 'वा' देऊन टाकले. दोन्काबाईंना मिठी मारली, इलियानाने आम्हा दोघींना. वॉल्टर म्हणाला, "शेवटचं ते त्यांचं 'वा?' कापून टाकीन, काही प्रॉब्लेम नाही." इलियाना व्हायोलिन पेटीत ठेवत होती. बाहेर पहिला थेंब पडला.

परतताना गाडीत मृणालने सीडी लावली नाही. हायवेला लागल्यावर म्हणाली, "आई, रविवारी सकाळी मी वाजवत जाऊ का परत? आपलं, नागपूरला शिकले होते ते?" मी म्हटलं, वाजव, मी समोर बसते. तिने वाजवलंही, मी नागपूरला परतेपर्यंत दर रविवारी. बेसूर झालं तिथे सांगितलं आणि चांगलं झालं तिथे ओरडून सांगितलं. निखिल म्हणाला, अपार्टमेंटवाले कम्प्लेंट करतील. म्हटलं, करू देत.

सीडी नागपूरला आली ती डिसेंबरात, निखिलच्या एका मित्राच्या बॅगेतून. सोबत इलियानाची चिठ्ठी. ऑपरेशन नीट झालं, आई ठीक आहे, शेळ्यांमागे फिरते, भांडते. आवाज मात्र बसला तो बसलाच. कुजबुजल्यासारखं बोलते. गात नाही.

आधी इलियानाची रचना आहे, व्हायोलिन आणि पियानो, फार सुंदर. मग दोन्काबाईंचं गाणं. मी रेडिओतल्या सवयीने डोळे मिटून ऐकते, कुठे जोड आहे का म्हणून. कुठेच नाही. इलियानाने काहीही कापू दिलेलं नाही. गाणं संपतं, मग ती शांतता येते, आणि त्या शांततेत दोन्काबाई त्यांच्या जुन्या, भरल्या आवाजात विचारतात, "वा?"

तिथेच सीडी संपते. उत्तर येत नाही. मी होते ना तिथे, तीन हातांवर, जीव तोडून मान डोलवत होते. पण मान डोलावलेली रेकॉर्डिंगमध्ये येत नाही.

म्हणून ते उत्तर मी इथे माझ्या खोलीत देते. दर वेळी देते, चांगलं मोठ्याने. आता कुठला लाल दिवा लागलेला नसतो.